नॉनफिक्शनला आधी प्रपोजल लागतं
पुस्तक छापून आणण्यावरचा हा लेख छान आहे पण त्यातलं 'आधी अख्खं पुस्तक लिहा, मग एजंट शोधा' (एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणारा) हे कादंबरीला ठीक, नॉनफिक्शनचं तसं नसतं. अमेरिकेत ते बहुतेकदा प्रपोजलवरच विकलं जातं, म्हणजे विषय काय, वाचक कोण, अलीकडची तशी पुस्तकं कुठली, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणं, बास. (स्वतःच्या आठवणी लिहिणार असाल तर मात्र नवख्याकडे बरेचदा पूर्ण हस्तलिखित मागतात.) खरी गोम 'हे तुम्हीच का लिहायचं' यात असते, भलेभले तिथेच अडकतात. एजंटची नावं हवीत तर आपल्या विषयावरच्या पुस्तकांतलं ऋणनिर्देशाचं पान बघा, लेखक लोक तिथे बहुतेकदा एजंटचे आभार मानतात, मग त्या एजंटच्या वेबसाइटवरचे नियम वाचून एकपानी क्वेरी लेटर, म्हणजे पुस्तकाची आणि स्वतःची ओळख करून देणारं पत्र, पाठवायचं, शंभर जणांना एकच मेल ढकलू नका राव. एजंटचं कमिशन लेखकाच्या कमाईतून साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०, तेही पुस्तक विकलं गेल्यावर. मराठीत आपण थेट प्रकाशकालाच गाठतो म्हणून हे सगळं नवीन वाटतं, आणि नेमकं त्यामुळेच कोणी एजंटने हस्तलिखित नुसतं वाचायचेच पैसे मागितले तरी लोक देऊन बसतात. अशा ठिकाणाहून सरळ कल्टी मारा.