खेळायला कारण कशाला लागतं?

चाळिशी उलटलेला माणूस खेळायला लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "डॉक्टरांनी सांगितलं का?" व्यायाम, शुगर, वजन असं काहीतरी कारण हवंच असतं. मला हे मनापासून पटत नाही.

कॉलेजात, मुंबईत असताना मी स्केटबोर्डिंग करायचो. नोकरी-संसारात ते सुटलं. आता वेंगुर्ल्याला घरी परत आलोय आणि पाऊस संपून खळं (घरासमोरचं अंगण) वाळल्यावर पुन्हा बोर्डावर उभा राहिलो. (आमचं खळं सिमेंटचं आहे, म्हणून जमलं.) शेजारच्या काकांनी गडग्यापलीकडून विचारलंच, "आता काय तुजा खेळूचा वय रवला?" म्हटलं, "मजा येता काका, म्हणान खेळतंय."

मागच्या पायाने बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं वर वळलेलं टोक, जमिनीवर आपटायचं आणि त्याच झटक्यात पुढचा पाय घासत वर न्यायचा, की बोर्ड पायाला चिकटल्यासारखा उडतो. ही ऑली. इतक्या वर्षांनीही पाय आपोआप जागेवर गेले, तेव्हा अंगावर काटा आला. उंची पूर्वीची नाही, गुडघ्यांना वेळ लागतोय, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आपल्याकडे खरी अडचण वयापेक्षा जमिनीची आहे. जांभ्याचा एवढासा खडा लहान, कडक चाकाखाली आला की चाक जागीच अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. रस्त्यावर जायचं तर ९९ए ची कडक चाकं काढून ७८ए ची मऊ, जरा मोठी चाकं लावा (हे आकडे चाकाच्या कडकपणाचं माप). हेल्मेट हवंच. खाऱ्या हवेने बेअरिंग गंजतात, पण ती साधी ६०८ नंबरची असतात. बऱ्याच लहान मोटरींमध्ये हीच बसतात, त्यामुळे मोटर वाइंडिंगवाल्याकडे बघा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड वयाच्या ५१ व्या वर्षी स्केटबोर्डिंगच्या पार्क प्रकारात (वाडग्यासारख्या खोलगट काँक्रीटच्या मैदानात खेळतात तो) उतरला होता. त्याच प्रकारात, महिलांमध्ये, चीनची झेंग हाओहाओ ११ वर्षांची होती. पण एवढ्या लांब कशाला जायचं? गौरी-गणपतीत आपल्या साठीतल्या काक्या-मावश्या फुगडी घालतात, दम लागेपर्यंत घालतात. त्यांना कोणी विचारतं का, बीपीसाठी घालताय का म्हणून? ती मोकळीक वर्षभर का नसावी, आणि बाप्यांनाही का नसावी?

किनाऱ्यांवर सुशोभीकरण होतं तेव्हा सरसकट पेव्हर ब्लॉक बसवतात. त्यांच्या सांध्यांवर चाक नुसतं खडखडतं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवारसारख्या खेड्यात स्केटपार्क होऊ शकतो, तर आपल्या बंदरांवर गुळगुळीत काँक्रीटचा एक पट्टा नक्कीच होऊ शकतो. मी नगरपरिषदेला तसा अर्ज करतोय. वेंगुर्ला, मालवण, देवगड, जिथे कुठे कुणाच्या माळ्यावर जुना बोर्ड किंवा स्केट्स पडून असतील त्यांनी कमेंटमध्ये सांगा. अर्जावर तुमच्याही सह्या हव्यात.