ओल्या लाकडावर रंग मारायचं बंद करा राव

डोकं फिरलंय आज. बागेच्या लाकडी कुंपणाला गेल्या गणपतीच्या आधी पांढरा रंग मारून घेतला आणि आत्ता आषाढातच खालच्या सगळ्या पट्ट्या हिरव्यागार, पेंटरला फोन केला तर म्हणतोय "कोल्हापूरचा पाऊस हाय साहेब, शेवाळ येणारच." अरे मग कोल्हापुरात पाऊस पडतो हे तुला रंग मारताना माहीत नव्हतं काय? मी तेव्हाच म्हणत होतो दसरा होऊ दे, ऊन पडू दे, लाकूड वाळू दे. पण नाही, सगळ्या गल्लीला गणपती यायच्या आत रंग पाहिजे असतो, श्रावणात दिवसभर भुरभुर चालू असते आणि हे लोक दोन तास उघडीप मिळाली की ब्रश काढतात. लाकूड वरनं कोरडं दिसतं, आत पाणी भरलेलं असतं. ते पाणी बाहेर पडणारच, रंगाला फुगे येतात, भेगा पडतात, त्या भेगांत पाणी साठतं आणि शेवाळाला आयती जागा मिळते.

आणि जुनं शेवाळ काढलं कसं? तारेच्या ब्रशनं खरवडलं, फडक्यानं पुसलं, झालं. वरचा हिरवा थर गेला, रेषारेषांत बसलेलं जिवंतच राहिलं, त्याच्यावर रंग. आधी ते मारायला लागतं की! कोरोनात गल्लीगल्लीत फवारलं होतं ते सोडियम हायपोक्लोराईट, दुकानात साधं ब्लीच म्हणून मिळतं, एक भाग ब्लीचला तीन-चार भाग पाणी, हातमोजे घालून लावायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग मऊ ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. जवळच्या झाडांवर आधी पाणी मारून ठेवायचं, नाहीतर पानं जळतात. आणि ह्यात संडास धुवायचं ॲसिड ओतायचा सल्ला देणारे भेटलेत मला, त्यांच्यावर तर खरंच संताप येतो, त्यातनं क्लोरीन गॅस निघतो, माणूस गुदमरतो, कुंपणापायी कुणाचा जीव घ्यायचाय काय? गाडी धुवायचं प्रेशर मशीन मारणारे पण तसलेच, लाकडाचे तंतू उसवतात, फळी खरबरीत होते आणि पुढच्या पावसात शेवाळ अजून घट्ट धरतं.

दुकानदाराचं वेगळंच. "अँटी-अल्गी, म्हणजे शेवाळ न धरणारा रंग आहे, बिनधास्त मारा." अहो त्या रंगात औषध असतं, ते पावसात हळूहळू धुऊन जातं, म्हणूनच ते काम करतं आणि म्हणूनच ते कायमचं पुरत नाही. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा पाहिजे, ते एकानं तरी गिऱ्हाईकाला वाचून दाखवावं.

खरं दुखणं पाणी आहे. शेवाळाला ओल, सावली आणि जरा धूळ-माती मिळाली की बास. उत्तरेच्या बाजूला ऊन कमी म्हणून तिथं आधी येतं, माती फळीला टेकली की खालनं ओल चढते, कापलेल्या टोकांना तर कुणी रंग लावतच नाही आणि तिथनंच फळी पाणी ओढते. पेंटरला म्हटलं टोकांना दोन हात जास्त मार, तर "ते कुणाला दिसतंय?" दिसायला कशाला पाहिजे बाबा, पाणी बघतंय ना!

त्यात शेजारच्या काकांनी कुंड्यांची रांग कुंपणाला चिकटवून मांडलीय, भर पावसातही सकाळी पाणी घालतात, वर त्यांच्या गॅलरीचा पाईप थेट आमच्या खांबावर. शंभरदा हात जोडून सांगितलं, काका, कुंड्या हातभर सरकवा, वारा खेळू दे, पाईपला एक एल्बो लावा, खर्च मी देतो. "बघू की" म्हणतात, आणि बघतच बसलेत.

आता दिवाळी झाल्याशिवाय कुणाला ब्रश लावू देणार नाही. खालची माती बोट-दोन बोटं काढून खडी टाकणार, जास्वंदीच्या फांद्या छाटणार, ब्लीच करून चांगलं ऊन खाऊ देणार, टोकांना प्रायमर माझ्यासमोर लावून घेणार. आणि कुणी पेंटर म्हणालाच की शेवाळ येणारच, तर त्याला फाटकातनंच परत पाठवणार.