आँट सॅली: लागली तर लागली?

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरच्या पबांत उन्हाळ्यात आँट सॅली नावाचा, काठी फेकून बाहुली पाडायचा खेळ खेळतात. त्याबद्दल एकच मजकूर इकडून तिकडे फिरतो: नशिबाचा खेळ, लागली तर लागली, चार्ल्स राजाच्या सैनिकांनी काढलेला, प्यायलेल्यांचा टाइमपास, आणि आता शेवटच्या घटका मोजतोय.

आधी नशीब. लोखंडी दांड्यावर जेमतेम 6 इंच उंचीची पांढरी लाकडी बाहुली ठेवतात, तिला ‘डॉली’ म्हणतात. 10 यार्डांवरून, हात खालून आणत, 18 इंची काठी फेकून ती उडवायची. पण काठी आधी लोखंडाला लागली, तर बाहुली पडूनही गुण नाही! काठी उभी गेली की खालचं टोक दांड्याला भिडायची धास्ती. आडवी गेली तर डावी-उजवीकडची थोडी चूक खपते, पण जरा उंच सुटली की बाहुलीच्या डोक्यावरून पार. सहाही काठ्या फुकट गेल्या तर ‘ब्लॉब’, म्हणजे भोपळा. सामन्यात तीन डाव, डावाला माणशी सहा काठ्या, संघात आठ जण. संघाच्या एकूण 144 काठ्या होतात. एवढं नशीब कुणाला पुरतं?

चार्ल्सची गोष्ट ऐकायला झकास आहे. यादवी युद्धात, 1642 ते 1646, पहिल्या चार्ल्सचा तळ ऑक्सफर्डला होता, हे खरंच. पण राजा गावात होता म्हणून गावातला खेळ राजाचा होत नाही. अशाने आपल्याकडचा निम्मा पोरखेळ महाराजांच्या मावळ्यांच्या नावावर जाईल.

बियर असते, नाही कोण म्हणतं? सामन्यानंतर खास बियरसाठी ‘बियर लेग’ नावाचा जादा डावही होतो. पण तो निकाल लागल्यावर. गुण मोजले जात असताना झिंगलेला गडी कुठल्याच संघाला परवडत नाही, कारण आठही जणांचे गुण एकत्र धरतात. त्यातच खेळाची खरी गोडी आहे, असं मला वाटतं: भोपळा काढलेल्या आजोबांची कसर नातवाने भरून काढायची, आणि पुढच्या डावात उलटही होऊ शकतं.

राहिलं मरण. पब बंद पडतायत आणि खेळाला मागे मोकळी बाग लागते, ही अडचण खरी. तरी लीगचे सामने दर उन्हाळ्यात रंगतात आणि सामन्याच्या संध्याकाळी मालकाला दोन संघांचं गिऱ्हाईक आयतं मिळतं. 2011 मध्ये तर ऑक्सफर्डशरमधल्याच चार्लबरी गावात चक्क ‘जागतिक’ अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. जग म्हणजे बहुतेक शेजारचे दोन-तीन परगणे, हे सोडून द्या.