मोटर थांबत नाही, तो दोष प्रेशर स्विचचाच असतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील अनेक घरांत परसातल्या विहिरीवर मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच साच्यात असलेली) मोटर, तिच्याजवळ लहान प्रेशर टाकी आणि मोटर आपोआप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच अशी जोडणी असते. अशा घरांसाठी मोबाइलवर एक सल्ला सध्या हातोहात फिरत आहे. सगळे नळ बंद असूनही मोटर थांबत नसेल तर स्विच बिघडला असे समजावे, त्यावर पक्कडीने हलके ठोकून आतला मोठा नट दोन फेरे आवळावा, तरीही उपयोग झाला नाही तर टाकीत हवा भरावी किंवा नवा स्विच बसवावा, आणि तोवर मोटर चालू राहिली तरी काही बिघडत नाही, असे त्यात म्हटले आहे. यातील शेवटचे विधान सरळ चुकीचे आहे आणि बाकीची अर्धवट आहेत.

स्विच बिघडला हे पहिले विधान घेऊ. ठरलेला दाब झाला की वीज तोडायची, एवढेच स्विचचे काम असते. तो दाब मुळात तयारच होत नसेल, तर निर्दोष स्विचही मोटर थांबवणार नाही. म्हणून पहिल्यांदा पाहायचे ते दाबाचे गेज. टाकीपुढील घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून काटा कुठे जातो ते पाहावे. व्हॉल्व्ह बंद करताच दाब चढून मोटर थांबली, तर गळती घरात आहे. फ्लशची टाकी किंवा जमिनीखालची पाईप तपासावी. काटा कट-ऑफच्या, म्हणजे स्विच मोटर बंद करतो त्या दाबाच्या, खालीच अडकून राहिला, तर कारण पंपाच्या बाजूला आहे: फूट व्हॉल्व्हची (विहिरीतल्या पाईपच्या तळाशी असलेल्या झडपेची) जाळी तुंबली असेल, पाणी ओढणारी सक्शन पाईप हवा घेत असेल, इम्पेलर (पंपातले पाणी फेकणारे चक्र) झिजला असेल किंवा, पुढे सांगितल्याप्रमाणे, विहिरीचे पाणीच उतरले असेल. काटा कट-ऑफच्या वर जाऊनही मोटर चालूच राहिली, तरच संशय स्विचवर घ्यावा. तेव्हाही स्विचला दाब पोहोचवणारी बारीक नळी, म्हणजे निपल, आधी काढून साफ करावी, कारण आपल्याकडच्या जांभ्या मातीचा तांबडा गाळ तिच्यात बसला, तर नवा स्विच आणूनही मोटर तशीच चालू राहील.

सल्ल्यात ऋतूचा विचारच नाही, आणि माझ्या मते त्यातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो भरतो. समजा, पंप जास्तीत जास्त ३२ मीटर हेड देतो, म्हणजे पाणी तेवढ्या उंचीपर्यंत चढवू शकतो, आणि स्विच १.४ किलोला चालू, २.८ किलोला बंद होणारा आहे. पावसाळ्यानंतर पाणी पंपापासून दोन मीटर खाली असते, तेव्हा ३० मीटर, म्हणजे तीन किलो दाब मिळतो आणि मोटर वेळेवर थांबते. एप्रिलमध्ये तेच पाणी सहा मीटरवर गेले की हाती २६ मीटर, म्हणजे २.६ किलो उरतात आणि मोटर कधीच थांबत नाही, जरी पंप, स्विच आणि घरचे नळ यांपैकी कशातही बिघाड झालेला नसला तरी. पाणी साधारण सात मीटरच्या खाली गेले, तर वर बसवलेल्या मोनोब्लॉकला ते धड ओढताही येत नाही. तेव्हा मोटर विहिरीत खालच्या कट्ट्यावर उतरवणे किंवा सबमर्सिबल पंप बसवणे हाच उपाय उरतो.

आता मोठा नट आवळण्याबद्दल. नट आवळल्याने चालू होण्याचा आणि बंद होण्याचा, असे दोन्ही दाब वाढतात. २.६ किलोवर अडकलेल्या मोटरसाठी कट-ऑफ आणखी वर नेणे म्हणजे तिचे थांबणे अशक्य करणे होय. उलट नट थोडा सैल केला तर मोटर थांबते, आणि पाणी उतरल्यामुळेच हे घडत असेल तर उन्हाळ्यापुरते तसे करणे योग्यही आहे. मात्र कारण झिजलेला पंप किंवा गळती असेल, तर त्याने दोष फक्त झाकला जातो. ठोकल्याने स्विचमधले चिकटलेले काँटॅक्ट (वीज जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके) क्वचित सुटतात, पण जळलेले काँटॅक्ट पुन्हा चिकटतात. शिवाय या स्विचच्या झाकणाखाली २३० व्होल्ट असतात, आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय तिथे हात घालू नये, ही सूचना त्या सल्ल्यात कुठेही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

टाकीतील हवा संपल्याने मोटर दर काही क्षणांनी चालू-बंद होऊ लागते. ती अखंड चालत राहण्याचे कारण ते नव्हे.

राहिले ते काही बिघडत नाही हे म्हणणे. नळ बंद असताना पंपात तेच पाणी घुसळत राहून तापते आणि दांड्याजवळून पाणी गळू न देणारे मेकॅनिकल सील जाते. हवा घेतलेला, कोरडा चालणारा पंप तर त्याहून लवकर खराब होतो. एक अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे एक युनिट वीज घेते, म्हणजे दिवसरात्र चालली तर नऊ दिवसांच्या आत २०० युनिट संपतात. जुलै २०२३ पासून लागू असलेल्या कर्नाटकाच्या गृहज्योती या घरगुती मोफत विजेच्या योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला, की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. त्यामुळे कारण सापडेपर्यंत मोटर मेन स्विचवरूनच, कोणीतरी जवळ उभे असताना चालवावी आणि गरजेपुरते पाणी भरले की हाताने बंद करावी.