501 की 251?

काल अमळनेरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात एका आप्पांनी चारचौघांत माझी अक्कल काढली. त्यांना द्यायची सडेतोड उत्तरं मला आज सकाळी दात घासताना सुचली. ती आता कुणाला देऊ?

काम साधं होतं. घरात कागद फार झालेत. शेताचे उतारे, बियाण्याच्या पावत्या आणि सगळ्यात स्फोटक म्हणजे आहेराच्या वह्या. हे सगळं घरच्याच कॉम्प्युटरवर एका ठिकाणी असावं, नाव टाकलं की त्या माणसाची कुंडली समोर यावी, एवढीच हौस. एक्सेलमध्ये करून पाहिलं. कागदाच्या रकान्यात 7/12 लिहिलं की एक्सेल त्याचा सात डिसेंबर करतं. गट नंबर 12/3 चा बारा मार्च झाला. आधी रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा असतो, ठाऊक आहे मला. पण 10,48,576 ओळी पोटात घेणाऱ्या प्रोग्रामला सातबारा कळू नये?

दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, अ‍ॅप घ्या ना. मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. महिन्याचे पैसे आपोआप कटतील.”

“मला आपोआप काही कटायला नको आहे. आणि माझ्या मावशीने किती आहेर केला ते परक्या कंपनीकडे कशाला ठेवू?”

“मग जीएसटीवालं घ्या. पार्टीवार खातं निघतं.”

आहेरावर जीएसटी लावायचं अजून दिल्लीत कुणाला सुचलेलं नाही. आपण होऊन कशाला सुचवा?

तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला, “आहेर कसाले लिखी ठेवस रे भाऊ?”

पीक विम्याच्या पावतीची प्रिंट घ्यायला आलेले आप्पा. पावती केव्हाच हातात पडली होती, पण पंखा बाकड्यावर होता. त्यांनी मला गाव विचारलं, आडनाव विचारलं, आजोळ विचारलं आणि माझ्या चुलत आजीच्या माहेरावरून नातं लावून टाकलं. खान्देशात हे व्हायचंच. माझ्या यादीत अर्ध्याहून जास्त पाटील आहेत. त्यांतले बरेचसे आप्पा, उरलेले नाना. डेटाबेस, म्हणजे अशा नोंदींचा साठा, बांधणारे सांगतात, प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख हवी, तिला ‘प्रायमरी की’ म्हणतात. चोपड्याचे पाटील आप्पा आणि धरणगावचे पाटील आप्पा वेगळे ठेवायला मला ती हवीच आहे.

नातं निघाल्यावर आप्पा खुर्ची ओढून स्क्रीनला भिडले.

“मंग आमनं नाव देख बरं.”

माझी एक्सेलची यादी असलेला पेन ड्राइव्ह लावलेलाच होता. मुलाने उत्साहाने शोधलं. आप्पांचं नाव, गाव, माझ्या बहिणीचं लग्न, रक्कम 251.

“दोनशे एक्कावन? पाचशे एक दियेल शेतस मी!”

मी म्हटलं, वहीत तसंच आहे. वही कुणी लिहिली? आमच्या मामांनी. “तुना मामाले तवय चष्मा व्हता का?” मग साक्षीपुरावा सुरू झाला. झेरॉक्सला आलेल्या एका माणसाला आप्पांनी विचारलं, “तू व्हतास ना रे त्या लगीनमा?” तो म्हणाला, “व्हतू ना. वरण-बट्टी एक नंबर व्हती.” रकमेबद्दल त्याला काही सांगता येईना. पण त्याने टॉवेल-टोपी दिली होती, ती लिहिली आहे का, हे तोही विचारू लागला. (लिहिलेली नव्हती. आमच्याकडे टॉवेल इतका फिरतो की त्याचीच वेगळी टेबल करावी लागेल.) दुकानदाराचा मुलगा तर परस्पर 501 टाइप करायला निघाला होता, मी त्याचा हात धरला.

“इतलं शिकीसन काय फायदा?” आप्पा सगळ्या दुकानाला म्हणाले. “दियेल पैसा लिखता येत नही!”

घरी येऊन लिब्रेऑफिसचं बेस हे डेटाबेस करायचं सॉफ्टवेअर उतरवलं. फुकट आहे, घरच्या मशीनवर चालतं. पण नवा डेटाबेस करायला गेलो तर म्हणे आधी जावा नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर आणा. शेवटी डीबी ब्राउझर नावाचा प्रोग्राम मिळाला, पेन ड्राइव्हवरची यादी त्यात ओतली. त्याच्या खाली एसक्यूलाइट हे डेटाबेसचं इंजिन आहे, 2000 सालचं. सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो, पेन ड्राइव्हवर घेऊन हिंडता येतं. हेच एसक्यूलाइट प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, म्हणजे दुकानातल्या त्या मुलाच्या खिशातही होतं. पण विकता येत नाही ते दुकानदार कशाला सांगेल? एकेकाळी क्लासात पोरं फॉक्सप्रो हा डेटाबेसचा प्रोग्राम शिकायची, दुकानाचा हिशेब स्वतः बसवायची. त्याची शेवटची मोठी आवृत्ती 2004 ची. आता स्वतःच्या घरची यादी स्वतःच्या घरात ठेवतो म्हटलं की लोक तुम्हाला म्हातारा समजतात आणि वर लॉगिन करायला लावतात. चीड येते ती याची.

दुपारी आप्पा स्वतः घरी आले, नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. चहा घेतला आणि उठताना विचारलं, “सुधारं का ते?”

ते गेल्यावर बायकोने विचारलं, “पाकिटात किती घालू?” मी म्हटलं, वहीत 251 आहेत. ती म्हणाली, “आणि ते म्हणतात 501. तुमच्या त्या डीबीला विचारा की.”

विचारलं. दोन ओळी आल्या. 501 वाली मी टाकलेली नाही, आणि पेन ड्राइव्ह त्या मुलाच्या हातात जेमतेम मिनिटभर होता.