हरभऱ्याचं ‘उत्पादनाचं जनुक’ आणि फिरणारा मेसेज

रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर आमच्या जालना-परभणीकडच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘हरभऱ्यात उत्पादनाचं जनुक सापडलं. ते घातलेलं जीएम (जनुकात बदल केलेलं) बियाणं येतंय. उतारा दुप्पट होईल, पण घरचं बी पुन्हा उगवणार नाही.’ यातलं एकही वाक्य खरं नाही.

‘उत्पादनाचं जनुक’ असं एकच जनुक नसतं. उतारा ठरतो तो झाडाला घाटे किती, दाणा किती वजनाचा, फुलोरा कधी, मुळं किती खोल यावर. यातल्या प्रत्येकामागे बरीच जनुकं असतात, शिवाय जमीन आणि ओल. कोणता गुण गुणसूत्रावर कुठे आहे याचा नकाशा काढताना दोन वेगळ्या वाणांचा संकर करतात, त्याच्या पुढच्या पिढ्या वावरात मोजतात आणि त्यांचा डीएनए तपासतात. जड दाण्याच्या झाडांत गुणसूत्राचा कोणता तुकडा वारंवार दिसतो, ते पाहतात. म्हणजे गल्ली कळते, घर शोधायचं राहतंच. आयसीसी ४९५८ या खोल मुळांच्या, टपोऱ्या दाण्याच्या हरभऱ्यात असाच एक तुकडा सापडला. मुळं, दाण्याचं वजन असे अवर्षणात कामी येणारे कित्येक गुण त्या एका जागी जोडलेले आहेत.

जीएम? मुळीच नाही. तो तुकडा पुसा ३७२ या हरभऱ्याच्या वाणात आणला तो संकर करूनच, हरभऱ्यातून हरभऱ्यात. डीएनए तपासणी फक्त योग्य रोप निवडायला वापरली. त्यातूनच पुसा १०२१६ हा वाण आला. भारतात शेतकऱ्यांच्या वावरात परवानगीने पिकणारं जीएम पीक एकच, बीटी कापूस.

दुप्पट उतारा? ओल कमी पडली तेव्हा या वाणाने पुसा ३७२ पेक्षा सुमारे १२ टक्के जास्त दिलं. घाटे भरताना ओल तुटणाऱ्या आपल्या कोरडवाहू रानात मला हे १२ टक्केसुद्धा मोलाचे वाटतात. दुप्पटीची आशा लावून शेतकऱ्याला फसवू नका.

घरच्या बियाण्याची भीती सगळ्यात वाईट, कारण तिच्यापायी माणसं चांगला वाण हातचा सोडतात. हरभऱ्याचं परागीभवन फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे राखलेलं बी वाणाला धरून राहतं. ते राखायचा आणि पुन्हा पेरायचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिलाय. फक्त मर, म्हणजे झाड वाळवणारा बुरशीचा रोग, लागलेल्या वावरातलं बी ठेवू नका. ती बुरशी बियाण्यातूनही येते. पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा.