‘आगीत लिफ्ट पकडा’ म्हणणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

माझी मावशी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये राहते. खाली दुकानं, हॉटेल, जिम, वर घरं. ‘निवृत्त फायर ऑफिसरचा सल्ला’ म्हणून फिरणारा मेसेज तिने मला फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, “म्हणजे लिफ्टनेच उतरायचं ना?” ऑफिसरचं नाव नाही, हुद्दा नाही, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळे त्याला हात जोडतायत!

‘पहिली पाच मिनिटं लिफ्ट सुरक्षित असते.’ हे वाक्य माणसं मारेल. आग कधी लागली, कुठल्या मजल्यावर आहे, हे आपल्या घरात कळतच नाही. मग कुठली पाच मिनिटं मोजायची? लिफ्टचा शाफ्ट म्हणजे उभं धुराडं. वीज गेली की मधेच अडकलात. आगीच्या मजल्यावर कुणी बटण दाबलं असेल, तर दार नेमकं तिथेच उघडणार. फायर लिफ्ट असते ती जवानांनी ताब्यात घेऊन चालवण्यासाठी.

‘घरात थांबू नका, लंडनला थांबलेले मेले.’ यात तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जण गेले. ‘घरातच थांबा’ ही सूचना रात्री दीड ते एक पन्नासच्या दरम्यान मागे घ्यायला हवी होती, असं चौकशीचा २०१९ चा अहवाल सांगतो. पण त्याच अहवालात पुढे काय आहे? जवानांना तिथल्या लिफ्ट ताब्यात घेता आल्या नाहीत, त्यामुळे रहिवासी त्या वापरत राहिले आणि काहींचा त्यात जीव गेला. मेसेजवाल्याने दाखला दिला तोच त्याच्या विरोधात जातो.

‘बाथरूममध्ये शॉवर सोडून बसा.’ डिसेंबर २०१७, लोअर परळच्याच कमला मिलमधली आग. १४ मृत्यू, त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरलेले सापडले. मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर!

‘गच्चीवर जा, हेलिकॉप्टर येईल.’ धूर वरच चढतो. पुढे.

मावशीचा खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे. तिने सगळे मजले उतरायची गरज नाही. उंच टॉवरमध्ये रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव मोकळी जागा, ठेवावाच लागतो. धूर नसलेल्या जिन्याने खालच्या जवळच्या रेफ्युजपर्यंत जायचं, १०१ ला फोन करून आपण कुठे आहोत ते सांगायचं. तिच्या टॉवरच्या रेफ्युजमध्ये सध्या जुनी कपाटं आणि सायकली रचल्या आहेत. कमिटीने त्या याच आठवड्यात हलवाव्यात, आणि अग्निसुरक्षा यंत्रणेचा जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) नोटीस बोर्डावर लावावा.